बाबालाल ऐकतोय

आष्ट्यातलं बाबालाल नदाफांचं गादीचं दुकान जेव्हा सगळ्यांत जास्त चाललं, तेव्हाच बंद झालं. गावात हे कोडं अजून कुणाला सुटलेलं नाही. काहींनी त्यांच्या पोरीला दोष दिला, काहींनी म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना. एकदोघांनी माझ्याकडंही बोट दाखवलं, कारण त्या दुकानाची वेबसाइट मी केली होती. मी वेबसाइट केली की दुकान बंद पडतं, अशी माझी जाहिरात त्या निमित्तानं गावभर फुकटात झाली. मी कुणाला समजवायला गेले नाही. बाबालालचाचा गाव सोडून का गेले ते मला माहीत आहे, पण ते चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

माझं ऑफिस त्यांच्या दुकानाच्या बरोबर वर. पुण्यात काही वर्षं नोकरी करून मी गावाकडं परतले, तेव्हा भाड्यानं हीच खोली मिळाली. मंगल कार्यालयं, उसाच्या रोपांच्या नर्सऱ्या, ठिबकवाले, एक दातांचे डॉक्टर, अशांच्या वेबसाइट मी करते. खाली कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की माझी फरशी थरथरायची आणि खिडकीतून कापसाची उडती म्हातारी येऊन कीबोर्डवर बसायची. एकदा तावातावानं तक्रार करायला खाली गेले, तर चाचांनी मशीन थांबवून मलाच विचारलं, "ताई, तुझ्या लग्नातली गादी माझीच न्हवं? परत पिंजून घेतलीस का न्हाई?" घेतली नव्हती. तक्रार तशीच पोटात घेऊन मी वर आले.

उंच, हडकुळा, कमरेत जरा वाकलेला माणूस. डोक्यावर पांढरी टोपी आणि भुवयांत कायमचा कापूस, त्यामुळं आहेत त्यापेक्षा म्हातारे दिसायचे. कुठंही बसायच्या आधी ती बैठक अंगठ्यानं दाबून बघायची खोड होती. बँकेत मॅनेजरसमोरची खुर्चीसुद्धा त्यांनी दाबून बघितली आणि मग मॅनेजरकडं फार कळवळ्यानं बघितलं. माझ्या ऑफिसातल्या सोफ्याला पहिल्याच दिवशी "स्पंज" एवढा एकच शब्द बहाल करून ते शेवटपर्यंत स्टुलावर बसत राहिले.

गिऱ्हाईक आलं की माप, कापड, दर हे सगळं मागाहून. आधी प्रश्न एकच, "कोण झोपणार हाय?" हे विचारताना ते मान कलती करून हात गालाखाली घ्यायचे, लहान पोराला नीज म्हणून खुणावतात तसे. फोनवर बोलतानाही एका हातात फोन आणि दुसरा हात गालाखाली, पलीकडच्याला दिसत नसलं तरी. त्यावर "आमचे वडील" एवढं उत्तर चालायचं नाही. वडील कुठल्या कुशीवर झोपतात, पाठ धरते का, एकटे झोपतात का, बोलायला घरात कोण असतं, असं सगळं निघायचं. त्यावरून कापूस कुठं किती भरायचा ते ठरतं, असं चाचांचं म्हणणं. मला वर्षानुवर्षं वरून बघून आलेला संशय असा, की कापूस सगळ्यांना साधारण सारखाच भरला जायचा. माणसं मात्र मोकळी होऊन घरी जायची.

शमीमचाची होत्या तोवर दुकानात त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उशांच्या खोळी शिवायच्या. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून दोघांचं दिवसभर बोलणं चालायचं. इतक्या वर्षांनी सवयच अशी झालेली, की मशीन बंद असलं तरी दोघंही ओरडूनच बोलायची. वर मला त्यांच्या घरात आज कालवण काय, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, हे सगळं कळायचं. चाची गेल्यावर चाचा बरेच दिवस तसेच मोठ्यानं बोलत राहिले, गिऱ्हाइकाशी, रस्त्यावरच्या माणसाशी, कधी कुणीच नसताना. मग हळूहळू त्यांचा आवाज उतरला. शेवटी शेवटी वर काहीच ऐकू यायचं नाही, आणि माझं मेलं कामात लक्ष लागायचं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी रेश्मा फलटणला शाळेत शिकवते. नवराही तिथंच शिक्षक. बाजारात फोमच्या गाद्या आल्यापासून दुकान तसं मंदच होतं, त्यात आई गेलेली. तिनं वडिलांच्या मागं लकडा लावला, दुकान बंद करा आणि आमच्याकडं या. चाचा ऐकेनात, तेव्हा तडजोड झाली. पुढच्या रमजान ईदपर्यंत बघायचं. दुकान चाललं तर चाचांनी आष्ट्यात राहायचं, नाही चाललं तर सामान आवरायचं.

त्यानंतर एका सकाळी चाचा कठडा धरत जिना चढून आले. स्टूल अंगठ्यानं दाबून बघितलं, ते लाकडी असूनही, आणि बसले.

"ताई, मला बी एक साइट करून दे. लय भारी नको."

"फलटणला काय वाईट आहे, चाचा?" मी विचारलं. "मुलगी जीव लावते."

"वाईट कायबी न्हाई. पोरगी शाळंत, जावई शाळंत, नातू मोबाइलात. दिवसभर मी कुणासंगं बोलू? हितं निदान गिऱ्हाईक तरी येतं."

म्हणजे त्यांनी काही लपवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. छोट्या धंद्याच्या वेबसाइटचं माझं गणित साधं आहे. मोबाइलवर चटकन उघडली पाहिजे, अक्षरं मोठी हवीत, आणि तुम्ही काय विकता, केवढ्याला, कुठं मिळतं, हे बोट न हलवता पहिल्या पानावर दिसलं पाहिजे. आलेल्या माणसाला काही विचारायची पाळीच येता कामा नये. हे मी चाचांना मोठ्या अभिमानानं ऐकवलं.

ते विचारात पडले. "कायच इचारायचं न्हाई, तर त्यो आला कशाला?"

"गादी घ्यायला."

"आन् मी काय करू?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पान तयार करून दाखवलं, तर बोट ठेवून म्हणाले, ते दर काढ. मी म्हटलं, दर नसले की लोक निघून जातात. "जाऊ देत की. ज्येला पायजे त्यो फोन करंल." मग नकाशा काढायला लावला. मग "दुकान कधी उघडं असतं" ते. मग गाद्यांचे प्रकार. ज्या ओळीनं लोकांचं काम सोपं होत होतं, ती ओळ नेमकी त्यांच्या डोळ्यांत खुपायची. शेवटी उरलं काय, तर दुकानाचं नाव, एक फोटो आणि भला मोठा फोन नंबर. नंबराखाली काही लिहू का विचारलं, तर फोन उचलल्यावर ते जे म्हणायचे तेच लिहायला सांगितलं, "बाबालाल ऐकतोय." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत निकामी वेबसाइट. खाली मी माझं नाव घातलं नाही.

फोटोवरूनही एक प्रकरण झालं. चाचा मशीनशेजारी नवा सदरा घालून ताठ उभे, आणि बाजूला ती रिकामी लाल खुर्ची. फोटोत ती फार डोळ्यांवर येत होती, म्हणून मी कडेनं कापून टाकली. चाचांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"खुर्ची कुठं गेली?"

"कापली. गादीच्या दुकानात खुर्ची कशाला, चाचा?"

"आसू दे. तिची जागा हाय ती."

मी खुर्ची परत घातली. पुढं एका गृहस्थांनी सांगलीहून फोन करून, तुमच्याकडं प्लास्टिकच्या खुर्च्या ठोक मिळतात का, असं विचारलं. चाचा त्यांच्याशी अर्धा तास बोलले आणि त्यांच्या घरातल्या कार्यासाठी खुर्च्या कुठं स्वस्त पडतील तेही सांगितलं.

एव्हाना फोन यायला लागले होते. दर नाही, पत्ता नाही, म्हणून चिडून का होईना, लोक फोन करत होते. माझ्या फरशीखालून परत आवाज यायला लागला. "बोला, बाबालाल ऐकतोय," आणि मग लांबलचक शांतता, म्हणजे चाचा खरंच ऐकत असायचे. मग, "आस्सं. आन् कोण झोपणार हाय?"

म्हसवडचे एक गृहस्थ मला चांगले आठवतात. आईसाठी गादी हवी होती. त्यांनी फोनवर पत्ता विचारला. स्टँडवर उतरलं की समोरच्या रस्त्यानं सरळ, पिंपळाच्या पुढं डाव्या हाताला दुकान, एवढाच पत्ता. चाचा म्हणाले, "तुमी स्टँडवर उतरा आन् फोन करा." ते उतरले, फोन केला. "आता पिंपळ दिसतोय का? तितवर या आन् फोन करा." मी वरून खिडकीतून बघत होते. चाचा दुकानाच्या पायरीवर उभे, पाहुणे पिंपळाखाली, दोघांच्याही कानाला फोन. दोघांनी एकमेकांना बघितलं, तरी पाहुणे पायरीला लागेपर्यंत चाचा फोनवरच वाट सांगत होते. चहाचं आधण आधीच ठेवलेलं होतं. गृहस्थ दुपारपर्यंत बसले, चाचांबरोबर जेवले, आपली आई जमिनीवरून उठून पलंगावर निजायला का तयार नाही ते सगळं सांगितलं, आणि जाताना एक उशी घेऊन गेले. एकच उशी. चाचा मात्र वर येऊन मला सांगत होते, "लय चांगला माणूस हुता." दुसऱ्या दिवशी त्याच माणसानं, आई उशी डोक्याखाली घेऊन झोपली, हे सांगायला फोन केला. चाचांना ते इतकं गोड वाटलं की दिवसभर येईल त्याला तेच.

पण एका उशीवर दुकान चालत नाही. रमजान तोंडावर आला तशी रेश्मा येऊन बसली. दुकानाची अवस्था बघितली, मग मोबाइलवर वेबसाइट बघितली आणि तडक वर माझ्याकडं आली. बाई शांत बोलते, पण शाळेतली पोरं तिला का घाबरत असतील ते कळतं.

"ताई, हे तुम्ही केलंय? ना दर, ना पत्ता. कोण घेईल गादी?"

मी म्हटलं, तुझ्या अब्बांनीच असं करायला लावलं.

"अब्बांना काय कळतंय त्यातलं? त्यांना इथंच राहायचंय ना? मग दुकान चाललं पाहिजे. नाहीतर मला त्यांना न्यावं लागेल, आणि ते तिथं खंगतील, हे मला पण कळतंय."

तिचं काही चुकत नव्हतं. फोटो बघताना ती लाल खुर्चीपाशी थांबली. ही राहू द्या, एवढंच म्हणाली. चाचांना खालून बोलावलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलीच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "कर की. पोरगी एवढं म्हणतीय तर कर."

मग मी माझं सगळं कसब लावलं. दर, मापं, कापडाचे नमुने, नकाशा, घरपोच पाठवायची सोय, आणि नंबराच्या जागी एक ठळक बटण, "गादी मागवा". नंबर गेला खाली, बारीक अक्षरांत. ती साइट बघून तेव्हा कितीतरी लोक माझ्याकडं आले, इतकी नेटकी झाली.

आणि दुकान चाललं. इस्लामपूर, कराड, फलटण, पार पुण्याहून मागणी यायला लागली. चाचांनी हाताखाली दोन गडी घेतले. गाद्या व्हायच्या, टेम्पोत चढायच्या, जायच्या. ईद आली आणि गेली, रेश्मानं फलटणला नेण्याचा विषय परत काढला नाही. रोज संध्याकाळी ती साइट उघडून बघायची आणि अब्बांना खुशीचा निरोप पाठवायची.

फोन मात्र थांबला. कुणाला काही विचारायचंच राहिलं नव्हतं. गादीवर कोण झोपणार, ते चाचांना कळेनासं झालं. आत्तापर्यंत आयुष्यात त्यांनी कुणासाठी करतोय हे माहीत नसताना गादी भरली नव्हती, आता रोज भरत होते.

एक दिवस जिना चढून आले आणि दारातच उभे राहिले. "ताई, माझ्या फोनला काय झालंय का बघ. जरा लाव बघू."

त्यांचा फोन त्यांनी खाली दुकानातच ठेवला होता. मी लावला. चाचा लगबगीनं जिना उतरले, आणि माझ्या कानात आवाज आला, "बोला, बाबालाल ऐकतोय."

"वाजतोय की, चाचा."

"व्हय. वाजतोय."

खरं तर मी फोन ठेवायला हरकत नव्हती. पण त्यांनी ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग? आज जेवायला काय केलंयस?" मी मेथीची भाजी म्हटलं. चाची मेथीत शेंगदाण्याचं कूट किती घालायची ते त्यांनी मला सांगितलं. खालचा आवाज मला फरशीतूनही ऐकू येत होता आणि कानातूनही. पुढं मी दुपारी अधूनमधून खाली फोन लावायची, उगाच. पण रोज कोण लावणार, मलाही माझी कामं होती.

मी एकदा सुचवलं, "चाचा, दर काढून टाकू का परत? दुकान तुमचं आहे."

त्यांनी टोपी काढून मांडीवर झटकली, त्यातून कापूस उडाला. "नको. रेश्मा रोज बघती ती साइट. तिला वाटंल, आब्बास्नी आपलं पटलं न्हाई. हौसेनं केलंय पोरीनं."

थंडीच्या दिवसांत त्यांनी सांगितलं, फलटणला जातो. मी उडालेच. इतकं चांगलं चाललंय आणि आता?

"चाललंय की. माझ्याबिगर बी चाललंय." रागावून नाही, पाऊस उघडला असं सांगावं तितक्या सहज म्हणाले. "बोलायला मिळतंय म्हणून राहिलो हुतो. आता हितं बी गप बसायचं आन् तिथं बी गप बसायचं. तिथं निदान संध्याकाळी पोरगी घरला येती."

मशीन विट्याच्या एका माणसाला दिलं, गडी त्याच्याकडंच कामाला गेले. मी चाचांना विचारलं, साइटचं काय करू? दुकान बंद झालंय अशी एक ओळ लिहून टाकते, लोकांची गैरसोय नको. असं करणं हा आमच्या कामातला साधा शिष्टाचार आहे.

"लिहू नकोस, ताई," चाचा म्हणाले. "फोन करू देत. मी सांगीन की त्येस्नी, बंद झालंय म्हणून."

ते खाली गेल्यावर मी दर काढले, मापं काढली, नकाशा काढला, ते ठळक बटण काढलं. परत नाव, फोटो, त्यात लाल खुर्ची, आणि भला मोठा नंबर. रेश्माला कळवलं. तिचं उत्तर आलं, बरं केलंत.

निघायच्या दिवशी दुकानासमोर टेम्पो लागला. रेश्मा आली होती. भांडी, शिलाई मशीन, दोन ट्रंका आणि खुर्ची चढली. शेवटी दुकानामागच्या घरातून त्यांची स्वतःची गादी निघाली, दोघांची, त्यांनी लग्नात स्वतः केलेली. कापडाचा रंग गेलेला, एका बाजूला चांगला खोल खड्डा. सगळ्या तालुक्याला गादी पिंजून घ्या म्हणून पिडणारा हा माणूस, आणि स्वतःची गादी अशी.

"अब्बा, ही इथंच राहू द्या," रेश्मा म्हणाली. "नाहीतर आधी पिंजून तरी घ्या. बघा कशी झालीय."

चाचा गादीवर हात ठेवून उभे राहिले. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"चाचा, कोण झोपणार आहे हिच्यावर?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि एखादं गिऱ्हाईक सांगतं तसं सांगायला लागले. "एक बाई हुती. डाव्या कुशीला निजायची, भिताडाकडं त्वांड करून. गुडघं लय दुखायचं, म्हणून पाय पोटाशी घ्यायची. ह्यो खड्डा तिचा हाय. एकदा पिंजलं की कापूस सगळा एक हुतोय, मग कुठला कुणाचा कळत न्हाई."

"मग नका पिंजू," मी म्हटलं.

"न्हाईच पिंजत."

रेश्मानं गादीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती वर चढवली, खड्डा दुमडणार नाही अशी. पुढं ड्रायव्हरशेजारी जागा होती, तिनं बोलावलंही, पण चाचा मागं गादीला टेकून बसले. जाताना दुकानाची किल्ली मालकाला द्यायला माझ्याकडं दिली.

मी पायरीवर उभी राहून बघत होते. टेम्पो पिंपळापर्यंत गेला आणि चाचांनी खिशातून फोन काढून कानाला लावला. कुणाचा होता कोण जाणे. काय बोलत होते ते एवढ्या लांबून ऐकू येत नव्हतं. पण थोड्या वेळानं त्यांची मान कलती झाली आणि मोकळा हात गालाखाली गेला. टेम्पो स्टँडपाशी वळेपर्यंत ते तसेच बसलेले दिसत होते. दुकानाची किल्ली माझ्या हातात होती.